कुत्र्या-मांजराचं दुखणं: घरातला गोळ्यांचा डबा उघडण्याआधी

आमची इमारत जुनी, चार मजली, बिनलिफ्टची. तिसऱ्या मजल्यावर आमच्यासोबत बंडू राहतो, अकरा वर्षांचा लॅब्राडॉर. मागच्या पावसाळ्यात फिरून येताना तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबायला लागला. जिन्याच्या कोपऱ्यात नाक खुपसून हुंगत बसायचा. वरच्या काकूंचं मांजर येऊन गेलं असेल, असं आम्हाला वाटायचं. दोन महिने त्याच्या या हुंगण्याची आम्ही थट्टा केली. एकदा शेजारची शाळकरी मुलगी मागून जिना चढत होती. तिने सहज विचारलं, "काका, बंडूचे पाय दुखतात का हो?" तेव्हा कुठे खाली वाकून पाहिलं. नाक कोपऱ्यात होतं, पण मागचे दोन्ही पाय थरथरत होते. हुंगायच्या निमित्ताने तो दम खात होता.

तोवर आम्हीही सगळ्यांसारखंच म्हणत होतो, "वय झालं आता त्याचं." वय झालं हे खरं, पण वयामुळे झिजलेल्या सांध्यांना उपचार असतात. ते कसे मिळवायचे, कशाला हात लावायचा नाही आणि घरात काय करायचं, हे पुढे क्रमाने लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. गोळीचा डोस तुमच्या पशुवैद्यानेच ठरवायचा. त्यामुळे इथे मिलिग्रॅमचे तक्ते सापडणार नाहीत.

पहिलं काम: दुखतंय हे ओळखणं

दुखलं की कुत्रं केकाटतं, हा आपला गैरसमज आहे. अचानक पाय चेंगरला तर केकाटेल. रोजचं, मुरलेलं दुखणं ते गप्प राहून सोसतं. दिसतं ते असं: झोपेतून उठताना आधी पुढच्या पायांवर जोर देऊन मग मागचं अंग ओढून घेणं, पलंगावर उडी मारायची सोडून देणं, शी करताना फार वेळ बसता न येणं, उकडत नसताना धापा टाकणं, रात्री घरभर येरझाऱ्या. एकच सांधा सतत चाटला तर तिथले केस लालसर तपकिरी होतात; फिक्या रंगाच्या कुत्र्यात हे लगेच दिसतं. आणि लाडका, गरीब कुत्रा मुलांनी पाठीवर हात ठेवताच गुरगुरायला लागला, तर त्याचा स्वभाव बिघडलाय असं समजण्याआधी पाठ दाखवून घ्या.

कुठला पाय दुखतोय हे कळायला एक साधी खूण आहे. कुत्र्याला सपाट जागेवर तुमच्याकडे चालत येऊ द्या आणि डोक्याकडे पाहा. पुढचा दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं, चांगला पाय टेकला की खाली येतं. मागच्या पायाचं दुखणं असेल तर डोक्याऐवजी कमरेची एक बाजू जास्त वरखाली होताना दिसते.

मांजर या बाबतीत पक्कं लबाड. २००२ मध्ये अमेरिकेत १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले. त्यात बारा वर्षांपुढच्या ९० टक्के मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज सापडली. यातली कितीतरी मांजरं घरच्यांच्या दृष्टीने ठणठणीत असणार, कारण मांजर लंगडत नाही, ते फक्त आपली कामं कमी करतं. ओट्यावर एका उडीत जाणारं मांजर आधी स्टुलावर आणि मग ओट्यावर जाऊ लागतं. शेपटीच्या मुळाशी जीभ पोचत नाही म्हणून तिथे केसांच्या गाठी होतात. वाळूच्या ट्रेची कड उंच वाटते म्हणून बाहेर शू होते, आणि आपण ओरडतो.

मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली. कान, डोळे, तोंडाचा भाग, मिश्या आणि डोक्याची ठेवण अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे. कान बाहेरच्या बाजूला वळून एकमेकांपासून लांब गेलेले, डोळे मिटत आलेले, मिश्या ताठ होऊन पुढे आलेल्या, डोकं खांद्यांच्या खाली, असं दिसलं की गुण वाढतात. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाची गरज धरतात. ही पट्टी आत्ताच्या, ताज्या दुखण्यासाठी आहे. मुरलेला संधिवात त्यात पकडला जाईलच असं नाही. मांजर झोपेत, खाताना किंवा अंग चाटताना गुण देऊ नका.

दुसरं काम: वही आणि व्हिडिओ

दवाखान्याच्या दारात पाऊल टाकलं की लंगडं कुत्रंही भीतीने सरळ चालतं. बंडूने हेच केलं. टेबलावरून खाली उतरला आणि शेपटी हलवत दाराकडे असा पळाला, की डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणून आधी मोबाइलवर चार छोटे व्हिडिओ काढा: तुमच्याकडे चालत येताना, लांब जाताना, बाजूने, आणि झोपेतून उठतानाचा. शेवटचा सगळ्यात कामाचा.

वहीत आठवडाभर रोज तीनच गोष्टी लिहा, तुमच्याच प्राण्याच्या सवयीतल्या. आमच्या वहीत जिना, रात्रीची झोप आणि बेल वाजल्यावर दारापर्यंत येणं या तीन गोष्टी होत्या. प्रत्येकीला ० ते ४ गुण, ० म्हणजे पूर्वीसारखं. औषध सुरू झाल्यावर हीच वही उपयोगी पडते, कारण "जरा बरं वाटतंय" यावरून डॉक्टरला काही ठरवता येत नाही.

पण पुढच्यापैकी काही दिसलं तर वही बाजूला ठेवा आणि लगेच निघा, रात्र असली तरी:

- पाय अजिबात टेकत नाही, वाकडा दिसतो, किंवा उंचावरून पडणं, गाडीचा धक्का असं काही झालंय.
- मागचे पाय अचानक लुळे पडले. डॅशहुंड आणि पग यांच्यात मणक्याची गादी सरकून असं होतं, आणि इथे दिवस नव्हे, तास मोजायचे असतात.
- पोट फुगलंय, ओकाऱ्या येतात पण काही पडत नाही. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडतो.
- बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतो, ओरडतो, पण शू होत नाही.
- सशाने बारा तासांत काही खाल्लं नाही. दुखलं की ससा खाणं सोडतो आणि मग आतडी थंडावतात.

काय द्यायचं नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण चूक इथेच होते, आणि तीही प्रेमापोटी. आमच्याकडेही होता होता वाचली. रविवारी दवाखाना बंद होता म्हणून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये विचारलं. काउंटरवरच्या मुलाने माणसांच्या अंगदुखीची पट्टी काढली आणि म्हणाला, "अर्धी द्या, कुत्र्यांना चालते." पट्टीवर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही होती. मी ती घेऊनही आलो होतो. बायकोने डॉक्टरांना फोन लावला म्हणून बंडू वाचला.

पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, डोलो वगैरे, मांजराला कधीच नाही. हे औषध शरीराबाहेर टाकायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फार तोकडी असते. त्यामुळे रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं आणि ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यात पशुवैद्य कधीमधी हे औषध मोजून वापरतात, पण तो त्यांचा निर्णय.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. ॲस्पिरिन मांजराच्या शरीरात निम्मं व्हायलाच दीड दिवसाच्या आसपास लागतो, म्हणजे रोज दिलं तर साठतच जातं.

मलमांचाही यात समावेश होतो, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. आजींच्या गुडघ्याला डायक्लोफिनॅकचं जेल चोळलंय आणि कुत्रं शेजारी बसून प्रेमाने गुडघा चाटतंय, हे चित्र आपल्या घरांतून नवीन नाही. पोटात गेलं की ते औषधच. निलगिरी तेल, कापूर आणि बाम मांजराच्या अंगाला लावू नका. लावलेलं सगळं ते चाटून पोटात घालतं.

चुकून पोटात गेलंच तर गोळ्यांची पट्टी सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. पहिल्या एक-दोन तासांत उलटी करवता येते, पण ती डॉक्टरने करवायची. घरी मिठाचं पाणी पाजू नका, मिठानेच विषबाधा होते. पॅरासिटामॉलवर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. जितका लवकर मिळेल तितका उपयोग.

माणसांच्याच औषधातला काही भाग का देऊ नये, असंही कुणी विचारतं. मेलॉक्सिकॅमचं उदाहरण घ्या. माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. १० किलोच्या कुत्र्याचा रोजचा डोस १ मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. सुरीने १५ मिलिग्रॅमच्या गोळीचा पंधरावा तुकडा पाडून दाखवा.

दवाखान्यात

लंगडणं म्हणजे संधिवातच, असं धरून चालू नका. आपल्याकडे गोचीड ताप फार. गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकियासारख्या जंतूंनी सांधे सुजतात, ताप येतो, आज हा पाय तर उद्या तो पाय असं लंगडणं होतं. या तापात रक्तातल्या प्लेटलेट्स घसरतात, आणि अशा वेळी सूज उतरवणारी वेदनाशामकं दिली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून लंगडण्याबरोबर ताप, मरगळ, फिक्या हिरड्या किंवा नाकातून रक्त असेल तर आधी रक्ताची तपासणी, मग दुखण्याची गोळी. रोग सापडला तर डॉक्सिसायक्लिनने तो आटोक्यात येतो आणि लंगडणंही थांबतं.

नखं, पंज्याच्या गाद्या, बोटांमधल्या बेचक्या, दात हेही तपासायला सांगा. एका बाजूने चावणारं, खाता खाता घास टाकणारं मांजर बहुतेक वेळा दातांनी हैराण असतं.

दीर्घकाळ औषध द्यायचं ठरलं तर सुरुवातीला यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा, आणि पुढे साधारण सहा महिन्यांनी. खर्च वाचवायचा म्हणून ही पायरी गाळू नका. आधीपासून काय चालू आहे ते सगळं सांगा, खाजेसाठी दिलेल्या स्टेरॉइडसकट. स्टेरॉइड आणि ही वेदनाशामकं एकत्र दिली तर जठराला भोक पडू शकतं. एक बंद करून दुसरं सुरू करताना मध्ये सहसा पाच ते सात दिवस जाऊ देतात.

औषधं कोणती, आणि कुणाचा किती भरवसा

कुत्र्याच्या संधिवातात पहिली फळी सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांचीच: मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब, रोबेनाकॉक्सिब. कुठलं लागू पडेल हे कुत्र्यागणिक बदलतं. एकाने फरक पडला नाही म्हणून सगळीच निरुपयोगी ठरत नाहीत. पातळ औषधासोबत येणारी सिरिंजच वापरा. तिच्यावरच्या खुणा किलोच्या आहेत की मिलिलिटरच्या, हे डॉक्टरांसमोर एकदा वाचून घ्या. चुकीची खूण धरली की डोस काही पटींनी चुकतो.

यातली बहुतेक औषधं पोटभर खाण्यासोबत द्या, रोबेनाकॉक्सिब मात्र डॉक्टर सांगतील तसं. उलटी, जुलाब, डांबरासारखी काळी शी, अन्नावरची वासना जाणं, अचानक वाढलेली तहान, यातलं काही दिसलं तर पुढचा डोस थांबवून फोन करा. ज्या दिवशी प्राणी खात-पीत नाही किंवा त्याला जुलाब होताहेत, त्या दिवशी डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. अंगातलं पाणी कमी झालं की हेच औषध मूत्रपिंडांवर उलटतं. मे महिन्याच्या उन्हाळ्यात पाण्याची भांडी दोन ठेवा.

गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्याचं औषध. मणक्याच्या त्रासात किंवा पहिली गोळी अपुरी पडते तिथे जोडीला देतात. पहिले काही दिवस प्राणी झुलतो, झोपाळतो. जिन्याला फळी लावा. ते एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू कमी करतात. माणसांसाठीच्या पातळ गॅबापेंटिनमध्ये कधी कधी झायलिटॉल नावाचा गोडवा असतो आणि तो कुत्र्याला विषारी आहे, म्हणून बाटलीवरचे घटक वाचा.

ट्रॅमाडॉलवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात संधिवाताच्या कुत्र्यांना ते देऊन पाहिलं. बिनऔषधाच्या गोळीपेक्षा ते वरचढ ठरलं नाही, कार्प्रोफेन मात्र ठरलं. ज्या रूपात बदलून ट्रॅमाडॉल काम करतं, ते रूप कुत्र्याच्या शरीरात फार कमी तयार होतं. मांजरात ते जास्त लागू पडतं. भारतात २०१८ पासून ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मागूही नका.

अमेरिका-युरोपात राहणाऱ्या वाचकांना तिथले डॉक्टर महिन्याला एक इंजेक्शन सुचवतील: कुत्र्यासाठी बेडिन्व्हेटमॅब, मांजरासाठी फ्रुनेव्हेटमॅब. वेदना वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाला ही अडवतात. मूत्रपिंड नाजूक असलेल्या म्हाताऱ्या मांजरांत याचा विचार होतो. कुत्र्यांच्या इंजेक्शनाबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२४ च्या अखेरीस पशुवैद्यांना दुष्परिणामांविषयी पत्र काढलं होतं. चालण्यातला तोल जाणं, झटके अशा तक्रारी त्यात होत्या. डॉक्टरांशी त्यावर मोकळेपणाने बोला.

ग्लुकोसामीनच्या गोळ्यांचा पुरावा कमकुवत आहे. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ त्यापेक्षा बरं. मात्र कॉड लिव्हर ऑइल वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं आणि मोठ्या डोसात ते बाधतं. हळदीबद्दल रोज कुणी ना कुणी सांगतं. चिमूटभर घातल्याने बिघडत नाही, पण हळद घालतोय म्हणून गोळी बंद, हे मला पटत नाही.

मांजराला मेलॉक्सिकॅम देतात, पण कुत्र्यापेक्षा फार कमी आणि फार जपून. घरात दोन्ही असतील तर बाटल्यांवर मार्करने मोठ्या अक्षरात 'कुत्रा' आणि 'मांजर' लिहा.

गोठ्यातल्या जनावरांबद्दल

गावाकडच्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. बैल लंगडला की पूर्वी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन सर्रास द्यायचे. जनावर पुढे मेलं, गिधाडांनी खाल्लं, की त्या मांसातल्या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडायची. आपल्या आकाशातून गिधाडं नाहीशी झाली त्यामागे हे मुख्य कारण होतं. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एका डोसापुरतं मर्यादित झालं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड गिधाडांना सुरक्षित आहेत. डॉक्टरांना तेच मागा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

घरातली कामं

गोळीइतकाच फरक मला इथे दिसला.

वजन आधी. हाताची मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताने बोटांच्या मागच्या उंचवट्यांवरून फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर कुत्रं फार बारीक. हात पसरून पंज्याच्या पाठीवरून फिरवा: अशा लागल्या तर बरोबर. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर वजन जास्त. बंडू तळहात होता. लॅब्राडॉरच्या ४८ पिल्लांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २५ टक्के कमी खाणारी भावंडं जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांना संधिवाताच्या उपचारांची गरजही उशिरा पडली. १० किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला ४०० ते ५०० कॅलरी पुरतात. तूप लावलेल्या एका पोळीत शंभराच्या वर कॅलरी जातात, आणि ती पोळी घरातला प्रत्येकजण 'एवढीशीच' म्हणून देत असतो. आमच्याकडे आता सकाळीच दिवसभराचा खाऊ एका डब्यात काढतो. डबा संपला की संपलं, पाहुणे आले तरी. मांजराचं वजन मात्र हळू उतरवा. जाड मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर यकृतावर चरबी चढते.

फरशी हा दुसरा शत्रू. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात आणि कुत्रं चालायलाच घाबरतं. पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी पाठीच्या चटया किंवा जुन्या योगा मॅट्स टाका. नुसती सतरंजी सरकते. पंज्याच्या गाद्यांमधले केस कापा आणि नखं वेळेवर काढा. चालताना टकटक ऐकू आलं तर नखं वाढलीत. झोपायला जाड गोधडी, थंडीत जमिनीपासून वर.

फिरणं बंद करू नका, त्याचे तुकडे करा. एकदम तासभर नेण्याऐवजी पंधरा-पंधरा मिनिटं तीनदा. चेंडूमागे पळवणं बंद. गर्रकन वळल्याने सांध्याला मार बसतो. नवीन मुरगळ असेल तर पहिले दोन-तीन दिवस पंच्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. जुन्या, आखडलेल्या सांध्याला कोमट शेक, आधी आपल्या मनगटावर लावून पाहून.

आणि जिना. जुना पंचा घ्या, आम्ही आईच्या नऊवारीचा तुकडा चौपदरी करून शिवला. तो पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढे घाला. दोन्ही टोकं पाठीवर एका हातात धरा. उचलायचं नाही, नुसता भार हलका करायचा. नराला घालताना कापड जरा पुढे ठेवा, नाहीतर शू अडते. बंडू पहिले तीन दिवस रुसून बसला. आता दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो स्वतःच थांबतो, मागे वळून माझ्या हाताकडे बघतो, आणि पट्टा घातला गेला की उरलेल्या अठरा पायऱ्या चढायला लागतो.